पुस्तकात काय लिहिलं होतं

उपांत्य सामन्याची चार मिनिटं उरली होती. तो रिंगखाली उडाला, खाली आला आणि उठला नाही. त्याच्या गुडघ्यातून आवाज झाला. मी गुण लिहायच्या टेबलाशी बसलो होतो. मला तो आवाज ऐकू आला.

नांदुऱ्यात तेव्हा बास्केटबॉल म्हणजे शाळेमागचं सिमेंटचं मैदान आणि दिवाळीनंतरची स्पर्धा. बाहेरगावचे संघ रेल्वेने येत, शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर झोपत. गाव तसं कबड्डीचं. पण त्या चार-पाच वर्षांत लोक मैदानाभोवती दाटी करत, आणि खरं सांगायचं तर ते फक्त त्याला पाहायला येत. सरकी-ढेपेचे दुकानदार शटर अर्धं ओढून येत. खेळाचे नियम अनेकांना कळत नसत. चेंडू त्याच्या हातात आला की बोलणं थांबवायचं, एवढं मात्र सगळ्यांना कळे.

तो फार उंच नव्हता. इतर खेळाडू उडत आणि खाली येत. तो उडाल्यावर वरच काहीतरी आठवल्यासारखा थांबे, मग चेंडू सोडे. पुढे मी टीव्हीवर मोठमोठे खेळाडू पाहिले. ते थांबणं मला पुन्हा दिसलं नाही. कदाचित ते आमच्या डोळ्यांतच असेल. आम्ही विशी-बाविशीचे होतो आणि आमच्या गावात पाहण्यासारखं दुसरं काही घडत नव्हतं.

मला पळता येत नसे. मी वाचनालयात काम करायचो, अक्षर बरं होतं, म्हणून मला गुण लिहायला बसवत. सगळे मला मास्तर म्हणत, जरी मी कधी कुणाला शिकवलं नाही.

अंतिम सामना तिसऱ्या दिवशी होता. तो पाहायला रेल्वेच्या संघासाठी खेळाडू निवडणारे गृहस्थ येणार होते. खेळाडू म्हणून नोकरी मिळाली असती, आणि त्याहून मोठं म्हणजे तो खेळत राहिला असता. त्यामुळे त्याला दवाखान्यात न्यायचं असं कुणीच म्हटलं नाही. दवाखान्यात नेलं तर प्लास्टर घालतील, याची सगळ्यांना धास्ती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला जीपमध्ये घातलं आणि जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी हाडं बसवणारे एक बाबा होते, त्यांच्याकडे नेलं. त्याचा पाय माझ्या मांडीवर होता. गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता आणि गरम लागत होता.

बाबांनी तेल लावलं, दोन्ही अंगठ्यांनी चाचपलं, मैदालकडीचा लेप दिला आणि कामट्या बांधल्या. मग म्हणाले, "हाड जागेवर हाय. पन आतलं मले समजत नाही. पंधरा दिवस पाय टेकवू नोका."

जीप सुरू झाली. मग पुढच्या सीटवरचा मित्र म्हणाला, "हाड जागेवर हाय म्हने ना बाबा?"

"हाव."

"मंग झालं तं. बाबाले काय मालूम बास्केटबॉल?"

सगळे हसले. तोही हसला. मीही.

संध्याकाळी मी वाचनालयाचं कपाट उघडून खेळातल्या दुखापतींवरचं एक पुस्तक काढलं. ते वर्षानुवर्षं कुणी नेलं नव्हतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: पडताना आवाज झाला असेल आणि काही तासांत सूज आली असेल, तर गुडघ्याच्या आतला बंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी, अशा पायावर भार देऊ नये, खेळणं तर नाहीच. मी तो उतारा दोनदा वाचला. पुस्तक पिशवीत घातलं आणि त्याच्या घरी गेलो.

ओसरीवर सात-आठ जण बसले होते. कामट्या सोडलेल्या होत्या. एक जण त्याच्या गुडघ्यावर बर्फ चोळत होता. तो भिंतीला टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "या मास्तर. वाचून आला असशीन तू. काय म्हनते बे तुह्यं पुस्तक?"

मी उभाच होतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही त्याला उद्या खेळताना पाहायचं होतं. त्याची नोकरी, त्याचं नाव, हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं; त्या क्षणी मला फक्त ते वर थांबणं आणखी एकदा पाहायचं होतं.

मी म्हणालो, "सूज उतरली तं खेळता येते म्हनते."

"पाहा," तो बाकीच्यांना म्हणाला. "शिकेल मानसाचं ऐकत जा."

पुस्तक मी पिशवीतून बाहेर काढलं नाही.

अंतिम सामन्याचा पूर्वार्ध तो खेळला. तसं खेळताना त्याला आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. कमी धावत होता, पण चेंडू हातातून सुटला की तो कुठे जाणार हे मैदानाला आधीच माहीत असावं असं वाटे. उत्तरार्धात त्याने एकदा डावीकडे वळायला पाय टेकवला आणि गुडघा बाजूला गेला. या वेळी आवाज झाला नाही. रेल्वेचे गृहस्थ उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

त्यानंतर अकोल्याला शस्त्रक्रिया झाली, पण उशिरा. तो चालू लागला. पुन्हा उडाला नाही. एका जिनिंगमध्ये कापूस मोजण्याच्या काट्यावर लागला आणि तिथेच वीस-बावीस वर्षं राहिला. स्पर्धा हळूहळू बंद पडली. आम्ही मात्र रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर जमत राहिलो. तोही येई. त्या पूर्वार्धाचं वर्णन आम्ही त्याच्याच समोर करायचो, आणि दर वर्षी ते थोडं वाढायचं.

"तू तं अर्ध्या मैदानातून टाकला होता बे तो!"

"कुठं बे, जवळूनच होता," तो म्हणे. "तुमी चहा पेता का अजून काही?"

पण थांबवत नसे. हे बोलणं चाललं की मी कपाकडे पाहत असे. त्याला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. एकदा तर आम्ही दोघंच रेल्वे फाटकापर्यंत चालत गेलो होतो. गाडी गेली, फाटक उघडलं, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

या उन्हाळ्यात तो गेला. काट्यावरच छातीत दुखलं. तेरवीला आम्ही सगळे होतो. जेवणं झाल्यावर अंगणात पुन्हा तो पूर्वार्ध निघाला. त्याची बायको दाराशी बसून ऐकत होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तो लंगडतच होता. तिने त्याला कधी खेळताना पाहिलं नाही. ती म्हणाली, "तुमी एवढे जन होते तवा. पाय सुजेल होता त्याइचा. काऊन कोनी आडवलं नाही?"

मग तीच म्हणाली, "नाही, थे सांगत मले. म्हनत, बाकीच्याइचं म्या ऐकलंच नसतं. मास्तरनं पुस्तक पाहून सांगतलं, म्हून खेळलो. पुस्तकात होतं तं दोष कोनाचा?"

म्हणजे इतकी वर्षं त्याने माझं वाक्य घरात जपून ठेवलं होतं, आणि त्याच्या आधाराने आम्हा सगळ्यांना माफ केलं होतं.

मी म्हणालो, "वहिनी, पुस्तकात तसं नव्हतं."

"मंग काय होतं?"

"खेळू नये असं होतं. म्या वाचलं होतं."

तेव्हा जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला तो मित्र, आता केस पांढरे झालेला, हळूच म्हणाला, "जाऊ दे बे मास्तर, आज नोको." पण ती माझ्याकडेच पाहत होती. मग म्हणाली, "त्याइले नाही सांगतलं ना कधी?"

"नाही."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि उठून भांडी आवरायला आत गेली. ते ती कोणत्या अर्थाने म्हणाली, हे मला अजून कळलेलं नाही.

रविवारी आम्ही चौघं टपरीवर जमतो. पूर्वार्धाचं बोलणं निघत नाही. महिन्यातून एकदा मी त्याच्या घरी जातो; ती चहा ठेवते, मी पितो आणि परत येतो. पुस्तक वाचनालयात आहे.