आत्याची प्रेस

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. नजर बारीक, हात स्थिर, जीभ मात्र सुटलेली. लग्नाचं कुणी विचारलं की म्हणायची, "राहून गेलं बाई."

पन्नाशीत तिला रानटी औषधी झाडांचं वेड लागलं. रस्त्याकडेला टाकळा दिसला की रिक्षा थांबवून उतरायची. रोप घरी आणून समोर ठेवायचं, जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमच्या तुकड्यावर कोरणीनं पान न पान कोरायचं, त्यावर रुळानं काळी शाई फिरवायची आणि कागदावर छाप घ्यायचा. पहिल्याच छापात रोपाखाली कोरलेलं 'माका' हे नाव उलटं उमटलं. आम्ही ते आरशात धरून वाचलं. सगळ्यात जास्त आत्याच हसली.

अडचण दाबायची होती. लाटणं फिरवून पाहिलं, वर पाण्याची बादली ठेवून पाहिली. शाई कुठे लागायची, कुठे रुसायची. शेवटी ठसा जमिनीवर, त्यावर कागद, कागदावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर आत्या, असा थर लागला. नुसतं उभं राहायचा कंटाळा येतो म्हणून ती रेडिओ लावून नाचायची. मग मीही.

एका रविवारी दार वाजलं. खाली दुकान असलेले टेलर उभे होते. गळ्यात टेप, अंगानं ऐसपैस, जिना चढून धापा टाकत.

"मॅडम, छताचा चुना गिऱ्हाइकाच्या कोटावर पडतोय. वर चाललंय काय?"

"छपाई. माझ्याकडे प्रेस नाही ना."

"मग मागायची की. माझ्याकडे दोन आहेत, एक विजेची इस्त्री, एक कोळशाची."

आत्या हसून हसून भिंतीला टेकली. डोळे पुसताना तिनं त्यांना वरून खालपर्यंत नीट पाहिलं.

"टेलर, चपला काढा. या पुठ्ठ्यावर उभे राहा."

ते का राहिले कोण जाणे. ती म्हणेल तसे टाचांवर गेले, चवड्यांवर आले, उतरले. आत्यानं कागद सोलला. गुळवेलीची शीर न शीर उमटली होती, काळी कुळकुळीत.

"वजन किती हो तुमचं?"

टेलर ओशाळले. "डॉक्टर म्हणतात, कमी करा."

"माझे छाप होईपर्यंत एक किलोही घटवायचं नाही."

त्यांना असं आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. दुकान बंद झालं की ते रोज वर येऊ लागले. आधी खांबासारखे उभे राहायचे. पुढे रेडिओ अंगात शिरला आणि कळलं, माणूस पिसासारखा नाचतो. स्वतःच्याच छताचा चुना पाडत होते, आता तक्रार करणार कोण?

वाचनालयाच्या हॉलमध्ये आत्याच्या छापांचं प्रदर्शन भरलं. हे छापता कसे, असं लोकांनी विचारताच टेलरनी कोट काढून खुर्चीवर टाकला आणि भर हॉलमध्ये पुठ्ठ्यावर नाचायला लागले. आत्याला राहवेना, तीही चढली. कागद सरकला, आघाड्याच्या एका तुऱ्याचे दोन उमटले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना जिन्यात टेलर थांबले. "मॅडम, एक विचारू?"

"हो."

"अजून विचारलं नाही मी."

"माहीत आहे. हो म्हटलं."

ते मटकन पायरीवर बसले आणि दोघंही इतकी हसली की शेजारची दारं उघडली. नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून सही मी केली.

आता दोघं वरच राहतात. भिंती भरल्या, म्हणून ओले छाप दोरीवर चिमट्यांनी टांगलेले असतात. जेवायला बसलं की एकदांडीचं फूल डोक्याला लागतं.