नाका टाळून नदीच्या वाटेनं

सत्तरच्या दशकात आमची फौजेची कंपनी उत्तरेला तराईच्या जंगलात होती. मी तेव्हा नाईक. गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. आमच्याकडे माळावर ससा दिसला तरी पारावर त्याची चर्चा होते. तिथे सकाळी पीटीला निघालो की चितळांचा कळप रस्त्यात उभा असायचा. हे पहिल्या हिवाळ्यातलं. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत तो रस्ता ओस पडला. रात्री आमच्याच गाडीचे दिवे डोळ्यांवर मारून चितळं टिपली जायची आणि कातड्याच्या कंत्राटदाराची माणसं कातडी उचलून न्यायची. मागे राहिलेली पाडसं आईच्या रक्ताचा वास घेत तिथेच घुटमळायची, मग कोल्हे यायचे. शिकारबंदीचा कायदा झाला होता, पण तो आपल्याला लागू नाही असं आमच्या मेजरसाहेबांचं मत होतं.

मेजरसाहेब म्हणजे कंपनी कमांडर. बडाखान्याच्या, म्हणजे सगळ्या कंपनीच्या मेजवानीच्या, आदल्या दिवशी त्यांनी हाका काढायचा, आरडाओरडा करत जनावरं बंदुकीसमोर हाकलायचा हुकूम दिला. आम्ही सातारा-सांगलीची पोरं खूश झालो. आमच्या गावच्या शिकारीत सगळा गाव हाका घालतो आणि पडलेल्या जनावराला जो पहिला हात लावील त्याला फरा, म्हणजे अख्खी तंगडी, मिळतो. मटणापेक्षा त्यात मान मोठा. माळावर ते ठीक असतं, कारण जनावर मेलंय की नाही ते लांबूनच कळतं. तराईत गवत डोक्याच्या वर होतं.

माझ्या शेजारी नाईक शंकर होता. पलूसकडचा, ऊसवाल्या घरातला, तोंडाचा फटकळ आणि धावण्यात कंपनीत पहिला. हाक्यात आधी काही चितळं पडली, मग साहेबांची गोळी लागून एक मोठं सुळेवालं डुक्कर गवतात कोसळलं.

"शंकऱ्या, थांब! दुसरी गोळी हून दे!" मी ओरडलो.

"तवर पलीकडचा त्यो कराडवाला फरा नेईल की गड्या!" म्हणत तो गवतात शिरलाही.

डुक्कर उठलं. साहेबांनी दुसरी गोळी घालून ते पाडलं, पण तोवर शंकरची मांडी आतून फाटली होती. मी पट्टा आवळून बांधला तरी रक्त थांबेना.

गाडी एकच होती, वनटन, म्हणजे फौजेचा लहान ट्रक. फील्ड हॉस्पिटल पक्क्या रस्त्याने जवळ होतं. त्या रस्त्यावर जंगल खात्याचा नाका होता आणि तिथे गाड्या तपासत.

"साब, शिकार यहीं छोडते हैं," मी म्हणालो.

"पहले शिकार चढाओ. नदी के रास्ते से जाना."

"साब, बहुत टाइम लगेगा."

"ऑर्डर समझा?"

"समझा, साब."

आधी चितळं चढली, मग डुक्कर, आणि त्यांच्यावर शंकर. वरून ताडपत्री ओढली. गाडीतल्या वायरलेस सेटवरून मी मागे थांबलेल्या साहेबांना पुन्हा विचारलं.

"कॅज्युअल्टी सीरियस. नाके से जाने दो. ओव्हर."

"निगेटिव्ह. नदी से. आउट."

मी ताडपत्रीखाली शंकरचं डोकं मांडीवर घेऊन बसलो.

"मेलं का रं ते?" त्यानं विचारलं.

"मेलं."

"पयला हात माझाच. तू साक्षीला हायस."

"हाय गड्या."

नदीच्या वाळूत चाक रुतलं. आम्ही उतरून गाडी ढकलली. परत चढलो तेव्हा शंकर गेला होता. मेजरसाहेबांचा मला तेव्हा जो संताप आला, तो आजही तसाच आहे.

जंगल एक्सरसाइजमध्ये अपघाती मृत्यू, असं वर कळवलं गेलं. बडाखाना ठरल्याप्रमाणे झाला. साहेबांनी आधी शंकरसाठी सगळ्यांना टोप्या काढून शांत उभं केलं, मग टोपी घालत म्हणाले, "चलो, शुरू करो."

महिन्याभराने शंकरच्या अस्थी घेऊन मीच पलूसकडे गेलो. गावाने शाळेजवळ त्याच्या नावाचा दगड बसवला होता आणि त्यावर 'लढताना वीरमरण' असं कोरलं होतं. त्याच्या आईने मला घरात नेलं आणि दार लोटून घेतलं.

"जंगलात कसली लढाई व्हती रं?"

मला खोटं बोलवेना. सगळं सांगितलं.

"त्या डुकराचं काय केलं?"

"बडाखान्याला शिजवलं, आय."

"तू खाल्लंस?"

"न्हाई. घास उतरला न्हाई."

तिने अस्थींची पिशवी माझ्या हातातून घेतली.

"खायचं व्हतंस की रं," ती म्हणाली. "त्येच्यापायी तर माझा शंकर गेला."