घोळक्यात न करमणारी किल्ली

"भाऊ, तुमी च्या पिऊन या."

बंद पडलेल्या कुठल्याही गाडीशी तो आला की पहिले वाक्य हे. मालकाला आधी पिटाळायचे, मग बाह्या दुमडायच्या. लढाईच्या आधी लोणावळा स्टेशनाबाहेर भाड्याच्या मोटारी उभ्या असत, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना तो आठवत असेल. इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा फाया, आणि मोटारीत हात घालूनही कपड्यावर तेलाचा डाग नाही. तुम्हाला त्याचे कौतुक वाटले असेल. मला वाटत नसे. अंगावर डाग नाही त्याने काम केले कधी, असे मी म्हणायचो. म्हणणारा मी एकटाच होतो.

तो मूळचा इंदुरी गावचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. स्वतःची मोटार भाड्याने चालवायचा आणि इतरांच्या दुरुस्त करायचा. म्हणजे सकाळी ज्याच्याशी गिऱ्हाइकावरून भांडायचे, दुपारी गाडी अडली की त्याच्याच दारात जायचे. आणि भांडणात तो कधी आवाज चढवायचा नाही. मी ओरडून ओरडून लाल व्हायचो, तोवर पाहुणे त्याच्या गाडीत बसलेले असायचे.

मी टाकव्याचा. गवताचे भारे डोक्यावर आणून टांगेवाल्यांना विकत होतो. पुढे टांगा घेतला, टांग्यावरून मोटार. मोटार जुनीच होती, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची. तिच्यावरचा एकेक ओरखडा बोट लावून दाखवत मी साहेबाला असा खाली आणला, की शेवटी तो 'घेऊन जा' म्हणून आत निघून गेला. सौद्यात मला कुणी हरवलेले नाही. ती गाडी मी जिंकून आणली होती.

आणि तीच गाडी मिस्त्रीचे ऐकायची.

चालता चालता ती एकदम गप्प व्हायची. पेट्रोल असे, पाणी असे, पण ठिणगी नसे. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरायची आणि हँडल मारायचे, की तिथे निळा टिपका चमकतो. तो चमकत नसे. कधी आपोआप सुरू व्हायची, ती पुढच्या खड्ड्यापर्यंत. मग मी तिला शिव्या देत किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावायचो आणि मिस्त्रीला घेऊन यायचो. तो मला चहाला पाठवायचा. मी जुडग्यातून गाडीची तेवढी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवायचो. कपातला चहा निवायच्या आत गाडी हॉटेलच्या दारात गुरगुरत हजर.

काय केले म्हणून विचारले, तर म्हणायचा, "काय बी न्हाई. ठिणगी हाय की."

आपल्या घरचे माणूस आपल्यापासून तोंड फिरवून बसावे आणि शेजारी आला की खुदकन हसावे, तसे मला व्हायचे. तोच चोरून काहीतरी सैल करून ठेवतो, नाहीतर मला चहाला कशाला धाडतो, असे मी स्टँडवर उघड बोललो. ते त्याच्या कानावर गेले. पुढच्या खेपेला त्याने किल्ली परत दिली ती लाल दोऱ्यात ओवून.

"हिला एकलीच ऱ्हाऊ द्या, भाऊ. हिला घोळक्यात करमत न्हाई."

मी समजलो, हा माझी टिंगल करतो आहे. त्याच्यासमोर दोरा तोडला आणि किल्ली जुडग्यात अडकवली. त्या जुडग्यात गवताच्या वखारीची, गोठ्याची, कपाटाची, पेट्रोलचे डबे ठेवायच्या खोलीची अशा सगळ्या किल्ल्या होत्या. शून्यातून वर आलेला माणूस किल्ल्या वेगवेगळ्या ठेवत नाही.

मुंबईच्या एक पारशी बाई दर उन्हाळ्यात खंडाळ्याच्या बंगल्यात येत. गुडघ्यांनी अधू. टांग्याच्या दिवसांपासून त्या माझ्याशिवाय कुणाकडे बसल्या नव्हत्या. स्टँडवर माझी मान ताठ होती ती त्यांच्यामुळे. त्या वर्षी चढावर गाडी दोनदा मेली आणि म्हाताऱ्या बाई घाबरल्या. त्यांनी स्पष्ट सांगितले, आता पुन्हा असे झाले तर मी पांढऱ्या सदऱ्यावाल्याला बोलावीन.

दुसऱ्या दिवशी त्यांना कार्ल्याला जायचे होते. मी मिस्त्रीकडे गेलो आणि म्हणालो, काय करायचे ते माझ्यादेखत कर, आज मी चहाला जाणार नाही. तो हसला. म्हणाला, मग तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो.

बाईंना मागे बसवून निघालो. तो ना रस्त्याकडे बघत होता, ना इंजिनाचा आवाज ऐकत होता. माझ्या गुडघ्यापाशी, जिथे किल्ली लावतात तिथे त्याची नजर. रेल्वेच्या फाटकात रुळांवरून गाडी आदळली आणि मेली. मागून बाईंचा सुस्कारा ऐकू आला.

मिस्त्रीने मला हँडल मारायला उतरवले आणि स्वतः माझ्या जागेवर सरकला. लटकणारा जुडगा त्याने तळहातावर अलगद उचलून धरला.

"मारा."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने जुडगा सोडला आणि बोटाने हलवला. मेली. पुन्हा उचलला.

"मारा."

सुरू. मी उन्हात घाम गाळत हँडल मारतोय आणि हा माझ्या जागेवर बसून माझ्या किल्ल्या तोलतोय. फाटकवाला तोंडाला उपरणे लावून हसत होता.

"भाऊ, सासूचा जुडगा सुनंच्या गळ्यात बांधलाय तुमी," मिस्त्री म्हणाला. "जीव न्हाई का घुसमटणार तिचा?"

मग त्याने समजावले. स्विच आतून सैल झाला होता. खड्डा आला की जुडगा झोके घ्यायचा, आतली पट्टी सुटायची आणि ठिणगी जायची. त्याच्या हाती गाडी चालायची, कारण त्याला मी एकच किल्ली द्यायचो. अख्खा जुडगा मी कुणाच्या हाती दिलाच नसता. माझ्याच सावधपणावर तो एवढे दिवस उस्ताद म्हणून मिरवत होता.

"मग आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारले.

"सांगितलं की. दोरा तुमी तोडला."

मागे बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. पुढे कार्ल्यापर्यंत गाडी एकदाही अडली नाही आणि त्या दोघांच्या गप्पाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्टँडवर माझ्याकडे आला. बाईंचा निरोप आला होता, त्यालाच बोलावले होते. गाडीबद्दल तक्रार नव्हती, वाटेत करमते म्हणून. "गिऱ्हाईक तुमचं हाय, भाऊ. तुमी म्हनाल तसं."

मी म्हणालो, "जा."

आणि तो गेला. तुम्हीच सांगा, रागात जा म्हटले म्हणून कुणी जातो का? पुढे तो स्टँडवर होता तोवर बाई त्याच्याच गाडीत बसल्या. 'सासूचा जुडगा' हे नाव स्टँडवर मला चिकटले ते आजतागायत.

लढाई लागली. पेट्रोल मिळेना. देहूरोडच्या डेपोत लष्करी लॉऱ्यांना मिस्त्री हवे होते, तो तिकडे गेला. निघताना माझ्या गाडीचा स्विच बदलून गेला, न विचारता. त्या दिवशीही मला चहाला पाठवले होते. डेपोतून त्याला लॉऱ्यांबरोबर पुढे कुठे धाडले, इंदुरीलाही कळले नाही.

लढाई संपल्यावर बाई पुन्हा आल्या. थकल्या होत्या. माझ्या गाडीत बसल्या. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते हेच. स्टेशनापासून खंडाळ्यापर्यंत त्या एकच विचारत राहिल्या, त्याची काही खबर? मी नाही म्हणत राहिलो.

शेवटच्या वळणावर त्यांची नजर स्विचकडे गेली. नवा स्विच पक्का होता, अख्खी वखार टांगली तरी हलला नसता. तरी मीच ओवलेल्या लाल दोऱ्यात एकच किल्ली लटकत होती.

"ही एकटीच का रे?"

"तिला घोळक्यात करमत नाही," मी म्हणालो.

बाई हसल्या, अगदी पूर्वीसारख्या. मग खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्या हसल्या ते माझ्या बोलण्याला नव्हे, हे मला त्याच क्षणी कळले.