करकर आवाज येईपर्यंत

उसाची मोळी बांधायची एक रीत आहे. ऊस एकावर एक रचायचे, वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, पिळलेला बंध खालून घालायचा, मोळीवर गुडघा रोवायचा आणि बंध ओढत राहायचं. मोळी करकर वाजली की घट्ट झाली असं समजायचं. मग ती ट्रॉलीत कशीही फेका, सुटत नाही. माझे धाकटे दीर अजिनाथ बाराव्या वर्षापासून अशा मोळ्या बांधत आले. कुस्तीत मोळी नावाचा एक डाव आहे, तोही ते याच मोळ्यांवर शिकले. त्यापायी एक माणूस मरता मरता वाचला.

आमची वाडी जामखेड तालुक्यात, कोरडवाहू भागात. दिवाळीच्या आगेमागे निम्मी वाडी ऊसतोडीला जाते. घरातल्या दोघांच्या जोडीला कोयता म्हणतात. आमच्या घरातून दोन कोयते जायचे. एक माझा आणि माझ्या मालकांचा, दुसरा भावजींचा आणि आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाई लंकाबाईंचा. सासरे आधीच वारले होते.

सतराव्या वर्षी भावजी रंगनाथ वस्तादांच्या तालमीत गेले. वस्तादांनी त्यांचे खांदे चाचपले, मान बघितली, पोरगं पसंत पडलं. मग विचारलं, वर्षातले किती महिने येशील? भावजी म्हणाले, सहा. वस्तादांनी हात काढून घेतला. सहा महिने माती आणि सहा महिने ऊस असा पैलवान होत नाही, अर्धं शिकलेला दुसऱ्याचे हातपाय मोडतो, पुरा येणार असशील तर ये, असं सांगून परत लावलं.

घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं. आत्याबाई भाकरी थापत होत्या. थापता थापता म्हणाल्या, "मग म्या कुनासंगं तोडू?" विषय तिथंच मिटला.

त्या सालापासून भावजी मोबाईलवर कुस्ती शिकायला लागले. नेवाशाकडं कारखान्याच्या तळावर आम्ही राहायचो त्या पाचटाच्या कोपीमागं त्यांनी खड्डा खणला. माती चाळून घेतली, तिच्यात ताक आणि तेल ओतलं. गाडी भरून झाली की बाकीचे आडवे व्हायचे आणि हे लंगोट लावून मातीत उतरायचे. अंगावर घ्यायला कुणी नव्हतं. एका गड्याला एकदा धरलं तर तो आठ दिवस वाकला नाही, तेव्हापासून सगळे लांबच. मग यांनी पोत्यात ओला ऊस भरला, वरच्या अंगाला गाठ मारून मान केली, खाली दोन मोळ्या बांधून पाय केले. मोळीच्या डावात समोरच्याची मान आणि एक पाय एकाच मिठीत घ्यायचा आणि त्याला मुडपायचं. भावजी पोत्याला तसं मुडपायचे, वर गुडघा रोवायचे, आणि आतला ऊस करकरला की सोडायचे.

आमचे मालक चेष्टा करायचे. म्हणायचे, "पैलवान, पोतं काय म्हनलं आज?"

भावजी हसायचे नाहीत. मला एकदा त्यांनी तो व्हिडिओ दाखवला होता. शिकवणारा डाव कसा टाकायचा ते तीन वेळा दाखवतो, खालचा माणूस चीत होतो आणि व्हिडिओ संपतो. पुढं काय करायचं ते त्यात नव्हतं. तेव्हा ते माझ्याही ध्यानात आलं नाही.

अशी पाच वर्षं गेली. चैत्रात आमच्या भैरवनाथाची जत्रा असते आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा. भावजी तेव्हा बावीस वर्षांचे. आखाड्यात उतरले तेव्हा माईकवाल्यानं विचारलं, कुणाचा पठ्ठा? भावजी म्हणाले, कुणाचाच नाही. कुणीतरी मागून ओरडलं की मोबाईल वस्तादाचा. माईकवाल्यानं तेच माईकवर सांगितलं आणि सगळा हगामा हसला. समोर सुनील होता, रंगनाथ वस्तादांचा सगळ्यात तयार गडी, आठ वर्षं तालमीत मुरलेला.

आम्ही बाया देवळाच्या ओट्यावर बसलो होतो. हात मिळवल्याबरोबर सुनीलनं भावजींच्या कानाखाली अशी चापट दिली की कानातून रक्ताची धार लागली. सुरुवातीच्या खडाखडीच्या नावाखाली असलं चालतं. मग त्यानं त्यांना खाली घेतलं आणि तोंड मातीत घासलं. नाक सोललं, ओठ फाटला. लोक शिट्ट्या मारत होते. सुनील उगीच लांबवत होता, लोकांना खूश करत होता. तेवढ्यात त्याचा एक पाय भावजींच्या हाताला लागला. पाय आला आणि मानही आली.

भावजींनी मिठी बंद केली. सुनीलच्या फासळ्यांवर गुडघा रोवला. सुनीलनं मातीवर हात आपटला. एकदा, दोनदा, मग भराभर. तालमीत हात आपटला की सोडायचं असतं, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पंच सोड म्हणून ओरडला. वस्ताद धोतर सावरत आखाड्यात धावले. भावजींचे डोळे मिटलेले होते. मान एका अंगाला कलती केली होती आणि चांगला कान सुनीलच्या पाठीला लावला होता. ते कशाची वाट बघतायत हे त्या हजार माणसांत मला एकटीला कळलं, कारण त्यांच्या शेजारी मी वर्षानुवर्षं मोळ्या बांधल्या होत्या. मी ओरडले, पण हलगीपुढं माझा आवाज कुठं पोचणार.

मग करकर झालं. भावजींनी लगेच सोडलं आणि उभे राहून दोन्ही हात वर केले.

सुनील तसाच मुडपलेला पडून होता. तोंडातून फेस आला, लंगोट ओला झाला, उजवा हात मेलेल्या सापासारखा मातीत पडला होता. भावजींनी त्याच्याकडं बघितलं, मग लोकांकडं. हलगी बंद पडली होती. काय झालंय ते त्यांना कळेना.

सुनीलला गाडीत घालून नगरला नेलं आणि इकडं देवळामागं त्याच्या तालमीतल्या तिघांनी भावजींना गाठलं. मला वाटायचं, तालमीतली पोरं रागावली तरी शिस्तीत मारतील. एका अर्थी शिस्तीतच मारलं. कुठं मारल्यावर दम जातो, कुठं मारल्यावर गुडघा उठत नाही, ते त्यांना नेमकं शिकवलेलं होतं. एकानं मागून हात धरले, दोघं पोटात आणि मूत्रपिंडावर मारत राहिले. आमचे मालक मधे पडले तर त्यांचं डोकं दगडावर आपटलं. रक्त बघितल्यावर भावजींनी हिसका दिला आणि पुढच्याचा गळा धरला. त्या पोराची जीभ बाहेर आली. डोळे पांढरे झाले. मी दोन्ही हातांनी बोटं उचकटायला बघितली, हलली नाहीत. शेवटी मी मनगटाला कडकडून चावले, तोंडात रक्त आलं, तेव्हा हात उघडला. ते पोरगं खाली पडून ओकायला लागलं. भावजी मला म्हणाले, "वैनी, मला वाटलं म्या सोडलंय."

सुनीलच्या मानेतली शीर दबली होती. एकोणीस दिवस तो दवाखान्यात होता. उजव्या हातानं पाण्याचा गडवा धरता येत नव्हता. गावात असले की भैरवनाथाला पाणी घालायला मी रोजच जाते. ते दिवस त्या हातासाठी पाणी घातलं. घरी सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी रंगनाथ वस्ताद आमच्याकडं आले. चहा घेतला नाही. आत्याबाईंना म्हणाले, "लंकाबाई, ह्याला दारातून परत लावला ही माजी चूक. पन आता ह्याच्या हातात मरन हाय. ह्या खेपंला मानूस वाचला, फुडचा मरंल. ह्याला माज्याकडं द्या."

"आन् कोयता?"

वस्ताद उठून गेले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी स्वतःच भावजींचे कपडे पिशवीत भरले. त्या सालच्या तोडीला त्या एकट्या आल्या, अर्धा कोयता म्हणून, परक्या बाईच्या जोडीला.

तालमीत काय झालं ते भावजींनी पुढं सांगितलं तेवढंच मला माहीत. चार महिने त्यांना एकही डाव टाकू दिला नाही. रोज खाली निजायचं. एकामागून एक गडी यायचा, डाव घालायचा आणि आवळत जायचा. असह्य झालं की माती थोपटायची, थोपटली की समोरचा सोडणार, एवढाच धडा. भावजी थोपटायचेच नाहीत. आमच्यात बोट कापलं तरी चिंधी बांधून पुढची सरी धरायची, दुखतंय म्हणायची सवयच नाही. दोनदा बेशुद्ध पडले. एक फासळी तडकली. कानाची पाळी रक्त साकळून भज्यासारखी झाली. वस्ताद त्यांना छडीनं पोटऱ्यांवर मारायचे. हरला म्हणून कधी मारलं नाही, माती थोपटली नाही म्हणून मारायचे. म्हणायचे, "सवताचं दुखनं सांगता येत न्हाई त्याला दुसऱ्याचं ऐकू येत न्हाई. थोपट."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावजींनी पहिल्यांदा माती थोपटली. वरच्या गड्यानं त्याच क्षणी सोडलं. भावजी उठून बसले आणि सगळ्यांसमोर रडले. त्यानंतर वस्तादांनी त्यांना डाव टाकू दिला, तोही आधी हळू, मोजून, समोरच्याच्या हातावर नजर ठेवून.

दिवाळीनंतर सुनील तालमीत परत आला. हात वळायला लागला होता, पण दुसऱ्यापेक्षा बारीक दिसायचा. त्याच्या पाळीला भावजी खाली निजले. त्यानं मान आवळली. भावजींनी माती थोपटली, परत थोपटली. सुनील सोडेना. वस्तादांची काठी पाठीवर तीनदा बसली तेव्हा सोडलं. आमच्याकडं लोक म्हणतात, तालमीत गेला की माणूस माणसात येतो. मला ते पुरतं पटत नाही. सुनील आठ वर्षं तिथंच शिकला होता. सोडायचं कसं ते त्याला पक्कं येत होतं.

पुढच्या जत्रेला सुनीलनंच भावजींशी कुस्ती मागितली. वस्तादांना नको होती, गावाला मात्र हवी होती. आखाड्यात जाताना वस्ताद भावजींना म्हणाले, "आज म्या वरडनार न्हाई. तुजं तुला कळलं पायजे." आणि कडेला जाऊन बसले.

आत्याबाई तोडीवरून दोनच दिवसांपूर्वी परतल्या होत्या. माझ्या शेजारी बसल्या, पदर दातांत धरून.

पंधरा मिनिटं कुस्ती चालली. सुनीलनं भावजींच्या डोळ्यात अंगठा घातला. कोपरानं भुवई फोडली. रक्त डोळ्यांत उतरलं, भावजी आंधळ्यासारखे चाचपडत लढत होते. दोघांच्या अंगावरची माती रक्तानं चिखल झाली. मग सुनील पट काढायला, म्हणजे पाय ओढायला, वाकला आणि परत तेच झालं. मान आली, पाय आला, मिठी बंद झाली.

सगळा हगामा एका आवाजात आवळ, आवळ म्हणून ओरडायला लागला. गेल्या साली ज्यांनी भावजींना शिव्या घातल्या होत्या तेही. सुनीलचा उजवा हात मातीवर पालथा पडला होता. बोटं मातीत रुतली होती. तो हात उचलेना. मरेन पण थोपटणार नाही असं त्यानं ठरवलेलं स्पष्ट दिसत होतं. तोंड जांभळं झालं. पंच खाली वाकून दोन्ही खांदे टेकले का तेवढंच बघत होता. आत्याबाईंनी माझा दंड धरला, त्यांची नखं आत गेली.

भावजींनी हात उघडले.

कुणी सोड म्हटलं नव्हतं. माती कुणी थोपटली नव्हती. हगाम्यातून शिव्या सुरू झाल्या. सुनील धापा टाकत उठला आणि गुडघे टेकून बसलेल्या भावजींच्या जबड्यावर त्यानं सगळ्या ताकदीनं गुडघा हाणला. भावजी उताणे पडले, दोन्ही खांदे मातीला लागले. पंचानं बघून न बघितल्यासारखं केलं आणि सुनीलचा हात वर केला. वस्ताद उठले, फेटा झटकला आणि सुनीलकडं न बघता निघून गेले.

भावजी आमच्याकडं आले तेव्हा तोंडातून रक्ताची लाळ गळत होती. बोलणं नीट फुटत नव्हतं.

"त्यानं माती थोपटली न्हाई, आये."

"बगितलं म्या."

"मान आता मोडती, हे कळलं मला. आवाजाच्या आदीच कळलं."

आत्याबाईंनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि चालवतंय का एवढंच विचारलं. भावजी चालले.

घरी आल्यावर मी देवापुढं साखर ठेवली आणि तांदळाची पातळ पेज टाकली, कारण जबडा हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी नगरला नेल्यावर कळलं की तो दोन ठिकाणी मोडला होता. त्या संध्याकाळी आत्याबाई त्यांना चमच्यानं भरवत होत्या. भिंतीला टेकून भावजी डोळे मिटून बसले होते. तिकडं सुनीलची मिरवणूक निघाली होती, आमच्या रस्त्यानंच येत होती.

भावजींनी चमचा हातानं बाजूला केला आणि मला खुणेनं दाराकडं जायला सांगितलं. सुनीलला लोकांनी खांद्यावर घेतलंय का तो स्वतःच्या पायांनी चालतोय, ते त्यांना बघायचं होतं.

मी दारातून बघितलं. गुलालानं तोंड ओळखू येत नव्हतं, पण सुनीलच होता.

"नाचतोय," मी म्हणाले. "दोन्ही हात वर करून नाचतोय."

भावजींनी पुढच्या घासासाठी तोंड जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं.