चीनचा बादशहा आणि वन्संचे केस

आमचे हे बीडला उर्दू शाळेत मास्तर. शुक्रवारच्या सुट्टीला दुपारी तवारीखेचं, म्हणजे इतिहासाचं, जाड पुस्तक काढायचे आणि मराठी करून सांगायचे. ऐकायला वाती वळत आम्ही दोघी, मी आणि माझी नणंद. वन्सं माझ्याच वयाच्या, सतराच्या. तेलगावला दिलेल्या. पटकीनं नवरा गेला आणि माहेरी आल्या. केस गुडघ्याला टेकायचे. वर्षश्राद्धाच्या आत ते उतरवायचेच, हा मामंजींचा हट्ट. आणि न्हाई म्हणजे न्हाई, हा वन्संचा.

त्यात निघाला हा चीनचा बादशहा. राजधानी पडली, घराणं बुडालं, तरी हा दक्षिणेतल्या डोंगरात गादीवर बसला. जिंकणाऱ्यांचा हुकूम होता, कपाळावरचे केस भादरा, मागं वेणी सोडा, न्हाईतर मुंडकं उडवू. हा म्हणाला, नाही भादरणार! वन्सं तर त्याच्या प्रेमातच पडल्या म्हणा ना. पण सव्वा वर्षातच त्याच्या भरवशाच्या सरदारानं न लढता खिंड सोडली आणि बादशहा मारला गेला. वाचताना ह्यांचे डोळे भरले. वन्सं मात्र उसळल्या, "मुडदा बशिवला त्या सरदाराचा! लाज न्हाई वाटली मेल्याला?" आठवडाभर त्याचा उद्धार चालला होता.

मग एके सकाळी न्हावी आला. वन्संनी मला कोठीच्या खोलीत ओढलं, कडी लावली. "वैनी, तू हायेस ना?"

"हाय की!" मी लई ऐटीत म्हणाले.

हे छत्री घेऊन शाळेत निघून गेले. बापापुढं तोंड उघडायची ह्यांची काय छाती! मामंजी पाणीसुद्धा न घेता ओसरीवर बसले. उन्हाचे दिवस. दुपार कलली तशा सासूबाई दाराशी येऊन रडायला लागल्या, "अगं, ते घेरी येऊन पडले. जीव घेता का गं त्यांचा?" वन्सं जागच्या हलल्या नाहीत. कडी मीच काढली.

मामंजी दारात धडधाकट उभे होते. मागं न्हावी.

वन्सं मुकाट परसात जाऊन बसल्या. केस पडत होते आणि त्या माझ्याकडं बघत होत्या. मी खांबाला धरून वाट बघत होते, आता म्हणतील, मुडदा बशिवला तुझा. म्हणायला पाहिजे होतं हो! त्या सरदाराला त्यांनी आठवडाभर शिव्या दिल्या. मला एकही दिली नाही.