खिडकीतून दिलेला डबा

आमच्या घरात देश सकाळी चहाच्या आधीच बुडतो. नवरा वर्तमानपत्र उघडतो आणि वाचायला लागतो: पूल खचला, पेपर फुटला, कुणी रातोरात पक्ष बदलला, आमच्या सोलापूरजवळच्या चिंचोळीतला आणखी एक कारखाना बंद. "या देशाचं काही खरं नाही," म्हणून घडी घालतो आणि चहात साखर कमी म्हणून माझ्यावर घसरतो. मी शाळेचे गणवेश शिवते. मशीनचा आवाज मोठा आहे म्हणून आमचा संसार टिकला. पण खोटं कशाला बोलू, माणसांवरचा माझाही विश्वास पार उडाला होता.

त्याला कारण आमची मुलगी. सरकारी भरतीसाठी ती काही वर्षं पुण्यात खोली घेऊन अभ्यास करत होती. एकदा परीक्षा पुढे ढकलली. एकदा दिली, तर पेपर फुटला म्हणून रद्द झाली. शेवटी नवी तारीख लागली आणि आदल्या संध्याकाळी सिटी बसच्या गर्दीत तिचा चष्मा पडून कुणाच्या तरी पायाखाली गेला. चष्म्याशिवाय तिला समोरच्याचं तोंड ओळखू येत नाही. दुकानदार म्हणाला, या नंबरच्या काचांना दोन दिवस लागतील. जुना चष्मा सोलापुरात, माझ्या कपाटात.

फोनवर ती रडली नाही, त्याचीच मला धास्ती वाटली. "राहू दे आई. नाहीतरी पेपर फुटणारच. मी आता परत फॉर्म भरणार नाही."

"पेपर दुपारी आहे ना? सकाळी अकराला स्वारगेटला उभी राहा, मी येते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पहाटे कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या डब्यात रुमालात गुंडाळून चष्मा ठेवला. डब्याच्या झाकणावर मुलीचा नंबर कायमचाच लिहिलेला. सोलापुरातून पुण्याला असे किती डबे जात असतील! रिक्षा निघाली ती थेट खणून ठेवलेल्या रस्त्यात अडकली. मी स्टँडवर पोचले तेव्हा गाडी फलाटावरून हलली होती. पुढची धरली असती तर पेपर गेला असता.

मी गाडीबरोबर धावले. धावले म्हणजे माझ्या गुडघ्यांना जमलं तेवढं. खिडकीत हिरव्या साडीतली एक बाई होती. डबा तिच्या मांडीवर ढकलला आणि ओरडले, "पोरीचा चष्मा आहे, तिची परीक्षा आहे, स्वारगेटला द्या!" ती हात हलवून काहीतरी सांगत होती, पण गाडी वळली. वर लाउडस्पीकरवर घोषणा चालूच होती, अनोळखी व्यक्तीकडून कोणतीही वस्तू घेऊ नका.

मुलीला फोन करून हिरव्या साडीतली बाई शोधायला सांगितलं आणि घरी आले. "नाव-गाव न विचारता दिलास?" नवरा म्हणाला. "चष्मा गेला. डबाही गेला."

अकरा वाजून गेले आणि मुलीचा फोन आला. गाडी आली होती. "आई, मला सगळ्याच साड्या हिरव्या दिसताहेत. ज्यांना विचारलं त्या नाही म्हणाल्या." मग म्हणाली, "मी खोलीवर जाते." मी फोन ठेवून अर्धवट शिवलेला गणवेश उसवत बसले. नवऱ्यानं स्वतः उठून चहा टाकला.

थोड्या वेळानं पुन्हा फोन वाजला. आता मात्र ती रडत होती. फेटा बांधलेल्या एका आजोबांनी झाकणावरचा नंबर लावून तिला शोधलं होतं. ती बाई पुण्याची नव्हतीच, वाटेतच मोडनिंबला उतरणारी होती. उतरताना तिनं डबा शेजारच्या आजोबांच्या हातात दिला आणि दोनदा बजावलं, "पोरीचं डोळं हायत ह्यात. तिच्या हातात दिल्याबिगर हलू नगा." आजोबांनी तो पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. मुलीनं भाकरी पुढे केली, तर म्हणाले, "तू खा, पेपर हाय तुजा."

तिनं पेपर दिला. निकाल अजून लागलेला नाही, आणि लागेपर्यंत काय काय होईल ते आमचे हे सकाळी वाचून सांगतीलच. पण ती पुण्यातच आहे आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिनं मला न सांगताच भरला.

पेपरच्या दिवशी संध्याकाळी तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला होता. मोडनिंबच्या त्या बाईनं झाकणावरचा नंबर हातावर लिहून घेतला होता आणि बहिणीच्या फोनवरून लावला होता. "तुज्या आईला मी वरडून सांगत हुते, मी मदीच उतरनार म्हनून. त्यांनी ऐकलंच न्हाय की! दिसभर जिवाला घोर लागलाय बग. दिसलं न्हवं पोरी, पेपरातलं समदं?"

त्याच रात्री मुलीनं मला हे सांगितलं तेव्हा मी मशीन थांबवली. दिवसभर मला वाटत होतं, माझ्या लेकीची काळजी करणारी या देशात मी एकटीच आहे. मी ओढणीत तोंड घालून रडले.