दोघांची हवा

पनवेलला भाड्याच्या खोलीत राहायला आलो, त्याच आठवड्यात मी खिडकीतून एक विचित्र वरात पाहिली. पुढे रिक्षा, रिक्षात पिशवी मांडीवर घेतलेल्या एक वयस्क बाई. आणि रिक्षाला चिकटून, तिच्याच वेगाने, मोटरसायकलवर आमचे घरमालक नाना. त्यांच्या मागची सीट रिकामी होती. रिक्षातल्या बाई म्हणजे नानांच्या पत्नी, काकी. दोघं निघाले होते एकाच घरी, मोरा या गावी, काकींच्या भावाकडे.

नाना मागच्या वर्षी गेले. त्यांची आठवण आली की मला आधी ती रिकामी सीट दिसते.

मी नांदेडकडच्या लहान गावातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. द्रोणागिरीच्या एका गोदामात कार्यालयीन काम मिळालं होतं आणि जाण्यायेण्यासाठी मी जुनी मोटरसायकल घेतली होती. इथे ओळखीचं कोणी नव्हतं. माझी पहिली चौकशी केली ती नानांनी, तीही माझ्या टायरपासून. सकाळी गाडी काढत होतो, तर ते पायरीवरून उठले आणि मागच्या टायरवर अंगठा दाबत म्हणाले, "बाला, जेवलास का ते मंग विचारीन. हवा कवा भरलीस?"

मला आठवेना. त्यांनी माझ्या हातातून किल्ली काढून घेतली, पायपंप आणला आणि हवा भरून झाल्यावरच किल्ली परत दिली. "त्या रस्त्याला कंटेनरवाले हायेत. तिथं गाडी डुलली नाय पायजे."

नानांच्या घरची मिठागरं होती. सरकारने जमीन घेतली, त्या भरपाईच्या पैशातून त्यांनी घर आणि भाड्याच्या खोल्या बांधल्या. त्यांचा रविवार ठरलेला असे. कोणी गाडी बाहेर काढायच्या आत पंप आणि हवा मोजायचा गेज घेऊन ते अंगणात बसत. "टायर थंड हाय तवाच खरा बोलतो. फिरून आला की गरम होतो, मंग काटा जास्त दाखवतो." टायरवरून बोट फिरवून ते मालकाच्या सवयी सांगत. कडा झिजल्या असल्या तर हवा कमी ठेवतोस, मधला पट्टा झिजला असला तर जास्त भरतोस.

शेजारच्या खोलीतला सुनील एकदा म्हणाला, "नाना, माझं बीपी पण बघा ना."

"ते तुजी बायको बगंल. तू चाक पुढं घे."

रिक्षाचं कोडं मला काकींनी उलगडलं. मी तापाने पडलो होतो, तेव्हा त्या पेज घेऊन आल्या होत्या. चालताना त्या एका पायाने लंगडत. मी पायाकडे पाहिलं, तशा हसून म्हणाल्या, "ही नानांची माया."

काकींची कंबर दुखायची. मोऱ्याला जाताना खड्ड्यांत हादरे बसू नयेत म्हणून नानांनी मागच्या टायरमधली हवा मुद्दाम काढली होती. चाक मऊ झालं, काकींना बरं वाटलं. पण ऊन कडक, रस्ता तापलेला, टायर आणखी तापला. त्यात एका खड्ड्याच्या काठावर ट्यूब चिमटली आणि हवा एकदम गेली. गाडी मागून लचकली. नाना सावरले, काकी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

"तवापासून मला पाठीमागं बसवीत नाय," काकी म्हणाल्या. "आमचा संसार त्या गाडीवर झाला रे. आता रिक्षात बसून मागं वलून बगायचा, तर हे चोरावानी तोंड करून येतात."

पुढे काकींच्या भाचीची हळद आली. रिक्षा दारात उभी राहिली. काकी नवी साडी नेसून बाहेर आल्या आणि रिक्षाकडे न जाता गाडीपाशी थांबल्या.

"रिक्षात बस," नाना म्हणाले.

"नाय."

"कंबर दुखंल."

"दुखंल ती माजी दुखंल. तुमी हवा पुरती भरा आनी चला. नायतर मी येत नाय. सांगा माज्या भावाला, नवऱ्यानं आनली नाय म्हनून."

नाना आत जाऊन पंप आणि गेज घेऊन आले. साखळी झाकणाऱ्या पत्र्यावर हवेचे आकडे छापलेले असतात, मागच्या चाकासाठी एकट्याचा कमी आणि दोघांचा जास्त. त्यांनी दोघांची हवा भरली, मोजली, पुन्हा मोजली. मग गेज माझ्या हातात दिला.

"बाला, तू बग. माज्या डोल्यांवर माजा भरवसा नाय."

मी मोजून सांगितलं, "बरोबर आहे, नाना."

काकी मागे बसल्या आणि त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षात नानांनी मला बसवलं. "तू मागून ये. नजर ठेव चाकावर." मोऱ्यापर्यंत मी त्या चाकाकडे बघत गेलो. खड्डा आला की काकी नानांच्या पाठीवर चापट मारत आणि दोघांचे खांदे हसण्याने हलताना दिसत.

त्यानंतर रिक्षा कधी आली नाही. काही वर्षं दोघं गाडीवरूनच हिंडले. मग काकी आजारी पडल्या आणि त्यातून उठल्या नाहीत.

नाना रविवारी अंगणात बसायचे थांबले नाहीत. फक्त गेजवरचे बारीक आकडे त्यांना दिसेनात, म्हणून काटा मी वाचू लागलो. एकदा त्यांच्याच गाडीचा मागचा टायर पाहिला, तर मधला पट्टा झिजून सपाट झाला होता आणि कडा जवळजवळ नव्या होत्या. मी गेज लावला.

"नाना, मागे हवा जास्त आहे. तुम्ही आता गाडीवर एकटेच असता. ओल्या रस्त्यावर घसराल. थोडी काढतो."

त्यांनी माझा हात बाजूला केला, व्हॉल्व्हची टोपी बसवली आणि चिमटीत धरून घट्ट केली.

"टायर नवा घालू," ते म्हणाले. "हवा दोघांचीच राहू दे."